राजकन्येचा रंग

मित्रांनो, मी रंगभूषेची एक जुनी पेटी आहे. सांगलीच्या एका सुताराने मला सागवानात घडवले आणि झाकणाला आतून आरसा बसवला. माझे पहिले मालक नाटक कंपनीत चेहरे रंगवत. त्यांची भाची कुंदाताई लग्न होऊन दुबईला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या हाती दिले. तेव्हापासून माझे घर म्हणजे अल मनखूलमधला कुंदाताईंचा फ्लॅट.

मराठी मंडळाचे नाटक आले की माझा थाट असे. इंजिनियर, दुकानदार, अकाउंटंट माझ्यासमोर बसत आणि राजे, ऋषी, राक्षस होऊन उठत. कुणी हरकत घेत नसे.

१९९७ साली मंडळाने एक जुने संगीत नाटक बसवायला घेतले. राजकन्येसाठी दिग्दर्शक देवदत्त यांनी अन्वरीला निवडले. अन्वरी कॉलेजात शिकत होती. तिचे कुटुंब मुरूडकडचे सिद्दी, पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले. वर्ण काळाभोर, घरात बोली मराठी. वडील हमदुल्ला जबल अलीत कंपनीची बस चालवत. अन्वरी पद म्हणू लागली की गप्पा मारणारेही थांबत.

एके दिवशी मंडळाचे अध्यक्ष वसंतराव तालमीला आले.

"देवदत्त, आवाज फर्स्ट क्लास. पण राजकन्या अशी? लोक हसतील हो."

"मागच्या वर्षी तुम्ही साठीत राजपुत्र झालात. तेव्हा कुणी हसलं का?"

"ते वेगळं."

शेवटी ठरले, तिला गोरी करून पाहायचे. कुंदाताईंनी माझ्यातला सफेदा काढला. तो त्या अन्वरीच्या गालांवर लावू लागल्या.

"चुरचुरतंय का गं?"

"नो आंटी, आय ॲम फाइन," अन्वरी म्हणाली. माझ्या आरशात तिचा चेहरा राखेसारखा होत गेला.

वसंतरावांनी पाहून मान हलवली. "छे, नाही जमत. सखीचं काम करणाऱ्या शर्वाणीला राजकन्या म्हणून उभी करा. ही विंगेतून गाईल. खलास!"

देवदत्त भांडले. पण हॉल ठरला होता, तिकिटे गेली होती. शेवटी त्यांनी मान तुकवली. कुंदाताई तर बोलल्याच नाहीत.

प्रयोगाला मी विंगेत होते. माझ्याशेजारी उभी राहून अन्वरी गायली. समोर उजेडात शर्वाणी ओठ हलवत होती. टाळ्या पडल्या, 'वन्स मोअर' आला. शर्वाणीने कावरीबावरी होऊन आत पाहिले. अन्वरीने डोळे पुसले आणि तेच पद पुन्हा म्हटले.

पडदा पडल्यावर हमदुल्ला फुले घेऊन आत आले. मुलीने घरी काहीच सांगितले नव्हते.

"आवाज तर तुझाच होता ना, पोरी? मी सबंध नाटकभर तुला शोधत बसलो."

"अब्बा, लेट्स गो होम."

त्यानंतर ती मंडळात आली नाही. कुंदाताईंनीही रंगभूषा सोडली. मी कपाटावर धूळ खात पडले. काही वर्षांनी एका संध्याकाळी त्या बाजारातून आल्या, मला खाली काढून उघडले.

"अहो," त्या यजमानांना म्हणाल्या, "अन्वरीचे वडील भेटले होते. ती आता गात नाही म्हणाले. घरात गुणगुणतसुद्धा नाही."

सफेद्याची डबी त्यांनी कचऱ्यात टाकली. बाकीचे रंग माझ्यातच सुकून तडकले आहेत.

मित्रांनो, कुणी गायला उभे राहिले, तर आधी त्याचे गाणे ऐका. आणि कुणी त्याला मागे ढकलू लागले, तर तेव्हाच बोला. असे कुणाला ढकलले, तर कुंदाताई आता बोलतात. पण ते ऐकायला अन्वरी मंडळात नाही.