मानेवरचा उजेड

जुलै म्हणजे दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळा; डोंगरावर बर्फ पडलं की होबार्टचा वारा माणसाची हाडं शोधत फिरतो. अशाच सकाळी ड्यूगल प्रयोगशाळेचं अंगण ओलांडून सतरा नंबरच्या उंदराचा पिंजरा घेऊन आला होता. कर्करोग पसरला असेल, तर ड्यूगल तपासत असलेलं औषध बाद आणि उंदराला त्याच दिवशी कायमचं झोपवायचं, असा नियम होता.

चित्रणयंत्र लोर्नाच्या ताब्यात होतं. टोचलेली किरणोत्सारी साखर जिथे जास्त खपते, तिथे पडद्यावर उजेड दिसतो. आणि कर्करोग साखरेचा हावरा. पोटाजवळची गाठ आटलेली दिसली. पण मानेमागे लख्ख उजेड होता.

"पसरला. चार वर्षं पाण्यात," ड्यूगल म्हणाला.

"टोचल्यावर तासभर कुठे ठेवला होतास याला?"

"टेबलावर. नोएलीनचा निरोपाचा चहा होता ना! शेवटचा लॅमिंग्टन केक तूच पळवलास."

"स्टीलच्या टेबलावर? गरम गादीशिवाय?"

ड्यूगलने मान डोलावली.

"अरे बाबा, कुडकुडणारा उंदीर मानेमागची चरबी जाळून ऊब धरतो. तीच पेटली असेल. एवढे डॉक्टर झालात, एक गादी लावता येईना?"

"म्हणजे पसरला नाही?"

"म्हणजे ठाऊक नाही. उद्या ऊब देऊन पुन्हा बघू. तोवर त्याला हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी गादी तिने स्वतः लावली. पडद्यावर मान काळीभोर आली, उजेडाचा मागमूस नाही.

"लोर्ना, पाया पडू का तुझ्या? आजची बिअर माझ्याकडून!" ड्यूगलने कोट चढवलासुद्धा.

लोर्ना हलली नाही. फुप्फुसात तांदळाच्या कणीएवढा ठिपका होता. तिने कालचं चित्र शेजारी लावलं. तिथेही होता, मानेच्या उजेडापुढे दोघांनीही तो पाहिला नव्हता. आता न बोलता उठता आलं असतं. ड्यूगल दारापर्यंत पोचला होता.

"कोट काढ," ती म्हणाली. "इकडे ये."

तो येऊन पडद्यावर वाकला.

"हीसुद्धा थंडीच असेल की."

"फुप्फुसाला थंडी वाजत नाही, ड्यूगल."

तो स्टुलावर बसला. गुंगीतला उंदीर संथ श्वास घेत होता. काहीतरी करायचं म्हणून ड्यूगलने बटणाकडे हात नेला.

"गादी बंद करू?"

"राहू दे," लोर्ना म्हणाली. "अजून तो आहे तिच्यावर."