सातव्या ट्रॅकचा बिघाड

समुद्रपूरच्या रत्नदीपनं दोन वर्षं खपून एक अल्बम केला. अल्बम म्हटल्यावर कुणी गाण्याची आशा धरू नये. त्यात शब्द नव्हते, तबला-पेटी नव्हती. मागच्या खोलीत त्याचं मॉड्युलर सिंथेसायझर होतं: भिंतभर खोके, त्यांवर गोल बटणं, आणि एका भोकातून निघून दुसऱ्यात घुसणाऱ्या शंभरेक वायरी. वायर इकडची तिकडे खोचली की आवाज बदलायचा. कधी घूं, कधी कर्र, कधी बराच वेळ नुसतंच ठक. असे सात ट्रॅक झाले.

बाबांनी ते एकदा शेवटपर्यंत ऐकावेत आणि ‘चांगलं केलं’ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण बाबा म्हणजे चिंधूजी. वीज खात्यात पस्तीस वर्षं लाइनमन, खांबाला कान लावून बिघाड ओळखणारा माणूस. त्यांच्या तोंडून कौतुक काढण्यापेक्षा वाळूतून तेल काढणं सोपं.

रविवारी सकाळी त्यानं बाबांना खुर्चीवर बसवलं आणि पहिला ट्रॅक लावला. नाव होतं ‘अंतर’. चिंधूजींनी डोळे मिटले. पोराचं काळीज सुपाएवढं झालं.

“एक फेज गेला आहे,” चिंधूजी म्हणाले.

दुसऱ्याचं नाव ‘धूळ’. “पट्टा घसरून राह्यला.” तिसऱ्याला तर ते ताडकन उभेच राहिले. “बेअरिंग! बंद कर, मोटर जळते!”

“बाबा, हे संगीत होय.”

“असंल ना बाप्पा. पण बेअरिंग गेलं आहे.”

तेवढ्यात शेजारचे प्रभाकरराव फाटकातून डोकावले. “चिंधूभाऊ, माह्या बोअरची मोटर तुमच्या घरी काऊन वाजून राह्यली?”

चिंधूजी पाना घेऊन त्यांच्या शेतात गेले, मोटर वर काढली. बेअरिंग खरंच गेलं होतं.

झालं! हां हां म्हणता तालुक्यात बोभाटा झाला. दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. “रत्नदीप, चौथं लाव जरा, माह्या कुलरशी जुळते का पाहू.” ‘अंतर’, ‘धूळ’ ही नावं कुणी विचारेना, लोक ‘फेजवालं’, ‘पट्टावालं’ म्हणू लागले. पिठाची गिरणी चालवणाऱ्या शोभाबाईंनी पट्टावालं तीनदा ऐकलं आणि समाधानानं गेल्या. एकानं तर सासऱ्यालाच आणलं. “याईची छाती सहाव्यासारखी वाजते.” चिंधूजींनी छातीला कान लावला, सहावा पुन्हा ऐकला आणि गंभीरपणे म्हणाले, “जुळते. पण हे आमच्या खात्यात येत नाई. डॉक्टरले दाखवा.”

रत्नदीप आतल्या आत जळत होता. दोन वर्षांची मेहनत, आणि अल्बमचं झालं तक्रार केंद्र.

सातव्याला मात्र गिऱ्हाईक मिळेना. कुणाची मोटर तशी वाजेना, कुणाचा पंखाही नाही. चिंधूजींची झोप उडाली. पस्तीस वर्षांत त्यांना न कळलेला बिघाड झाला नव्हता. त्यांनी सातवा मोबाइलवर घेतला, मोबाइल सदऱ्याच्या खिशात घातला आणि मोपेडवर निघाले. आज सेलू, उद्या वडनेर. विजेच्या डीपीपाशी थांबायचे, कापसाच्या जिनिंगच्या दाराशी थांबायचे, एक कान यंत्राला आणि एक खिशाला.

आठव्या दिवशी दुपारी ते परतले तेव्हा तोंड धुळीनं माखलेलं होतं. रत्नदीपला भडभडून आलं. “जाऊ द्या बाबा. मी सातवा काढूनच टाकतो.”

“काऊन?” चिंधूजी खेकसले. मग ते पायरीवर टेकले, खिशातून मोबाइल काढला. ट्रॅक चालूच होता. आठ दिवसांत त्यांनी तो किती वेळा ऐकला असेल, कोण जाणे.

“सारा जिल्हा पालथा घातला. बाकीचे सहा कोणाचे ना कोणाचे निंघाले. हा कोणापाशीच नाई. हा तुह्या एकट्याचा आहे.”

रत्नदीप त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.

“हा दुरुस्त नोको करू,” चिंधूजी म्हणाले, आणि आवाज थोडा मोठा केला.