चांदीच्या रोझरीचं सोनं

हिंदी मुलखातल्या एका शहरात, खातीपुरा वस्तीतल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. २००६ सालचा मे महिना. घामाघूम गर्दीसमोर प्रवचनकार ब्रदर मनोहर एक रोझरी, म्हणजे ख्रिस्ती जपमाळ, उंच धरून गर्जत होते, "देखो! कल चांदी थी, आज सोना! जिसका विश्वास सच्चा, उसकी माला सुनहरी!"

माळ कीर्तीची होती. नाशिकची ही हिंदू मुलगी इथे सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि घरमालकीण फिलोमिनाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. लोक तिच्या पाया पडू लागले. फिलोमिना मात्र जळून खाक झाली. वसईच्या कॅथलिक घरातली ती, जन्मभर जप करणारी. कीर्तीला 'नमो मरिया' ही प्रार्थना शिकवली तिनंच. आणि भक्तांच्या माळा ज्यात ठेवल्या जात, त्या ब्रदरांच्या 'पवित्र पेटी'तून तिची स्वतःची माळ परत आली ती पांढरीच!

'कालची पोर माझ्यापुढे?'

घरी आल्यावर कीर्ती म्हणाली, "काकू, रविवारी बाप्तिस्मा घेतेय. ब्रदरच देणार आहेत. म्हणाले, देवानं सही केली, आता आईबाबांना काय विचारायचं?"

"बघू तरी तुझं सोनं," म्हणत फिलोमिनानं माळ ओठांशी नेली, आणि थबकली. माळेला उकडलेल्या अंड्यांचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं अंडी उकडली, गरम असतानाच कुस्करून डब्यात घातली, वर वाटीत आपली चांदीची माळ ठेवली आणि झाकण लावलं. थोड्या वेळानं उघडलं, तर माळ सोनेरी!

आधी तिला आनंदच झाला. आता आपणही मिरवू! कोण विचारणार आहे? पण ही पोर याच वासाच्या भरवशावर घरच्यांपासून लपून धर्म बदलायला निघाली होती. फिलोमिनाला आरशात स्वतःकडे बघवेना.

शनिवारी सभेत तिची माळ पाहताच ब्रदर गरजले, "देखो, बहन का भी विश्वास जाग गया!"

"विश्वास नाही, ब्रदर. अंडी!" तिनं पिशवीतून गरम अंड्यांचा डबा काढला. "कुणी चांदीचं काही देता का?"

बँक अधिकाऱ्याच्या पत्नी सुधाताई सहज बघायला आल्या होत्या. त्यांनी पायातलं जोडवं काढून दिलं.

"ये शैतान का खेल है!" ब्रदर ओरडले.

"शैतान अंड्यात कधीपासून राहायला लागला?" सुधाताई म्हणाल्या.

थोड्या वेळानं डब्यातून जोडवं सोनेरी होऊन बाहेर आलं. "याने कुठला जप केला होता?" फिलोमिनानं विचारलं. "गरम अंड्यातून गंधकाचा वायू निघतो, चांदीवर पातळ थर बसतो. जास्त वेळ ठेवा, काळी पडेल." लोकांनी पेटी उघडायला लावली. मखमलीखालच्या जाळीत, एकाच कप्प्यात, कुस्करलेली अंडी होती; ब्रदर जी माळ तिथे ठेवत, तीच सोनेरी होई. ब्रदर मागच्या दारानं पसार झाले.

कीर्ती रडू लागली. "म्हणजे माझा विश्वासही खोटा?"

"ते मला कसं कळणार, बाळा? मला तर तुझा हेवा वाटत होता. म्हणून तर माळ बघायला मागितली."

पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, फादरांनी कीर्तीला सांगितलं, "बाप्तिस्म्याची घाई नको. घरी बोल, वाच, शंका विचार. उद्या तुझ्या सदसद्विवेकबुद्धीनं 'हो' म्हटलं तर ये. 'नाही' म्हटलं तरी ये, चहा पिऊ. धातूच्या रंगावर धर्म ठरवत नाहीत."

दोघं बराच वेळ बोलत बसले. बाहेरच्या बाकावर फिलोमिना पुटपुटली, "माझ्याशी नाही कधी एवढं बोलले फादर!"

हेवा असा सहजासहजी जात नाही. पण माणूस आस्तिक असो वा नास्तिक, डोळे आणि बुद्धी प्रत्येकाला आहे. जो शंका विचारू देत नाही, त्याच्या हाती आपलं आयुष्य देऊ नका.