मेण आधी निघू द्या

मी एक भट्टी आहे, मित्रांनो. जुनी आहे, अंगावरचा रंग उडालाय. पण भंगारात जायची माझी अजिबात तयारी नाही. का, ते ऐका.

माझ्या पोटात दोघांची गट्टी जमते. एक धातू, तोही पूड केलेला, दुसरी चिनी मातीच्या जातीची टणक भुकटी. भुकटी एकटी असली की ठिसूळ, धातू चिवट. दोघांना पिंपात पोलादी गोळ्यांबरोबर दोन दिवस घोळवतात. मग थोडं मेण घालतात, नाहीतर आकार धरत नाही. प्रेसवाले काका ते साच्यात दाबून कडी बनवतात. तेव्हा कडं खडूसारखं असतं, नखानेही ओरखडा पडतो. मग ते माझ्याकडे येतं. मी पोटातली हवा काढून टाकते आणि तापत जाते. आधी मेण निघतं. मग पार चौदाशे अंशांपर्यंत गेलं की धातू वितळून भुकटीच्या कणांमधल्या फटींत शिरतो. कडं आवळतं. इतकं टणक होतं की कानसच झिजते.

मला चालवते ती मावशी. वीस वर्षं झाली. मालक पाहुण्यांना आधी मलाच दाखवायचे.

मग जाड कड्यांचं काम आलं. गढूळ पाणी उपसणाऱ्या पंपांसाठी. पहिली खेप चिरली. दुसरीही.

मालक वैतागले. "मावशी, भट्टी म्हातारी झाली. सोमवारी भंगारवाला येतोय. तुम्ही पॅकिंगला बसा."

"मी? खोक्यांना चिकटपट्ट्या लावू?"

"मग काय, हिला कुरवाळत बसू?"

मावशीने एक चिरलेलं कडं उचललं, हातोडीने फोडलं आणि उजेडात धरलं. कडेला चकचकीत राखाडी, मधे काळं.

"काका, हे मधे काळं कसं?"

"जळालं असेल."

"जळायला आत हवा तरी असते का? मेण अडकलंय. त्याचा कोळसा झालाय. मेणासाठी किती वेळ थांबतो आपण?"

"तासभर. भिंतीवरचं वेळापत्रक तुम्हीच तर लिहिलंय!"

मावशीने भिंतीकडे पाहिलं. वेळापत्रक तिनेच लिहिलेलं, पण आधीच्या पातळ कड्यांसाठी. ही कडी चौपट जाड. मेणाला बाहेर यायला वेळच मिळत नव्हता. मी पुढे तापले की ते आतूनच उसळायचं आणि कडं चिरायचं. मला हे कळत होतं, पण सांगू कशी?

ती तडक मालकांकडे गेली. "चूक भट्टीची नाही, माझी आहे. एक खेप करू द्या."

"तीही चिरली तर?"

"तर पॅकिंगला बसते. हिला गाडीत चढवायलाही हात लावते."

हे ऐकून मी भट्टी असूनही गार पडले.

शनिवारी सकाळी सहा कडी आत आली. मेणाच्या टप्प्यावर मावशीने तापमानाचा काटा रोखून धरला. दोन तास. चार. सहा.

"मावशी, कडी करताय की अंडी उबवताय?" काका हसले.

"उबवतेय. तुम्ही जाऊन डबा खा."

मीही हट्टाला पेटले. माझी एक तापणारी कांडी जुनी झालीय, मधेच दगा देते. तिला म्हटलं, बाई, आज नाही. आज टिकायचंच. टिकली.

रविवारभर मी हळूहळू निवले. सोमवारी दार उघडलं तेव्हा भंगाराची गाडी फाटकात उभी होती. मावशीने एकेक कडं दोऱ्याला टांगून पान्याने हलकेच ठोकलं. चिरलेलं असलं तर ठक् वाजतं. पहिलं वाजलं टण्ण्. दुसरं, टण्ण्. तिसरं, चौथं, पाचवं. सहाव्याला मालक श्वास घ्यायचे थांबले.

टण्ण्!

मालक फाटकाकडे ओरडले, "अहो, ते मोडकं टेबल न्या! भट्टीला हात लावू नका!"

मावशीने भिंतीवरचं वेळापत्रक काढलं आणि जाड कड्यांचं वेगळं लिहायला बसली.

मित्रांनो, एखादं यंत्र चुकायला लागलं की लगेच त्याला म्हातारं ठरवू नका. बिघडलेलं काम आधी फोडून आतून बघा. आणि चूक आपली निघाली तर मावशीसारखं सरळ सांगून टाका. आमच्यासारख्यांचा जीव त्यावरच अवलंबून असतो.

आता सरका जरा. पुढची कडी आलीत, मला तापायचंय.