मावळतीची बाजू

"झाडाला काय तोंड असतं का हो, कडूबा?" विश्वजीत साहेबांनी मोबाइलवरची नजर न काढता विचारलं.

"तोंड नाय साहेब. पाठ असती."

साहेब हसले. ते हसले म्हणून कंत्राटदाराचा माणूसही हसला. साहेब हसले आणि एकटेच हसले, असं त्यांच्या नोकरीत अजून घडलेलं नाही.

दौलताबाद रस्त्यालगतच्या मैदानात अकरा खड्डे खणलेले होते. चारांत कडुनिंब बसवून माती लोटलीही होती. उस्मानपुऱ्यातला रस्ता रुंद व्हायचा होता. झाडं तोडली तर लोक बोंबलतात, म्हणून मुळांसकट उचलून इथं लावायची असं ठरलं होतं.

अकराही कडूबानं लावलेली. महापालिकेच्या बाग खात्यात माळी म्हणून लागला त्या वर्षी. आता निवृत्तीला सहा दिवस होते. मधल्या एकतीस वर्षांत या झाडांवर कोणी किती माया केली, त्याची यादी मोठी नाही. एका दुकानदारानं पाटी दिसावी म्हणून बुंध्यात ॲसिड ओतलं. दुसऱ्यानं खिळे ठोकले. एका बाईंनी, पाला अंगणात पडतो, असा अर्ज दिला; त्याच बाई परवा 'झाडे वाचवा'चा फलक धरून फोटोत पहिल्या रांगेत होत्या.

कडूबा धनगराचा. शेळ्यांसाठी फांदी कुठं तोडली म्हणजे झाड पुन्हा फुटतं, हे तो शाळेच्या आधी शिकला. शाळेत फार गेलाही नाही. झाडाची जी बाजू दुपारनंतरचं ऊन खाऊन राठ झालेली असते, तीच नव्या जागी मावळतीला आली पाहिजे. कोवळी साल तिकडं गेली तर भाजून फाटते. म्हणून शनिवारी त्यानं प्रत्येक बुंध्याच्या मावळतीच्या अंगाला चुन्याचं एकेक बोट ओढून ठेवलं होतं.

रविवारी त्या रस्त्यानं कोणी बडा पाहुणा जाणार होता. पाहुणा येणार म्हटलं की आमच्या शहरात झाडांचे बुंधे रंगवतात. सोमवारी उपटायच्या झाडांना रविवारी लाल-पांढरा ऑईलपेंट बसला. चुन्याची बोटं त्याखाली गेली. पाहुणाही गेला, दुसऱ्याच रस्त्यानं. साहेबांच्या घरची बिडकीनकडे मोसंबीची बाग आहे. तिथल्या एकाही बुंध्याला त्यांनी कधी ऑईलपेंट लावू दिला नसता.

"ही चार उपसून नीट फिरवून लावू," कडूबा म्हणाला. "तासाभराचं काम हाय."

"अन् वेळापत्रक? तुम्ही सहा दिवसांनी घरी बसणार, उत्तर मला द्यायचंय." साहेब गाडीत बसले. काच वर गेली.

उरलेली सात ट्रेलरवर आडवी होती. रंगाखाली काही दिसत नव्हतं. कडूबा वर चढला आणि शेंड्याकडच्या छाटलेल्या फांद्या चाचपू लागला. ताजे वार परवाचे, करवतीचे. पण एका अंगाला जुने, खपली धरलेले वार होते. वीजवाले दरसाल येऊन तारांकडच्या फांद्या कोयत्यानं छाटायचे. कडूबानं त्यांना एकतीस वर्षं शिव्या दिल्या होत्या. तारा होत्या मावळतीला.

"चाचा, किदर कू फिराने का वो बताओ," क्रेनवरच्या फकिरानं विचारलं. दिवसभरात कडूबाला कोणी कामाचं काही विचारलं ते एवढंच.

सातही नीट बसली. आधीच्या चारांतलं एक नशिबानं बरोबर निघालं. तीन उलटी.

दुसऱ्या दिवशी कडूबाची बायको साळूबाई घरची पोती घेऊन आली. नवऱ्यानं ती तीन बुंध्यांना गुंडाळली, सुतळीनं आवळली, वर पाणी मारलं.

"झाडाला अंगरखे शिवतंय म्हातारं," ती म्हणाली. "मला एक झंपर शिवाया दोन दिवाळ्या लागल्या."

"तुला सावली व्हती."

"व्हय. तुमचीच का?"

कडूबानं सुतळी पुढं केली. ती दुसऱ्या पोत्याची गाठ धरायला वाकली.

बुधवारी साहेब फोटोग्राफर घेऊन आले. सोबत फलकवाल्या बाई, हार, आणि कडूबासाठी शालही होती. पहिलंच झाड पोत्याचं निघालं.

"हे काढा. रंग दिसत नाही."

"नाय काढायचो."

एकतीस वर्षांत कडूबा साहेबाला, कुठल्याही साहेबाला, पहिल्यांदा नाही म्हणाला. काहीतरी होईल म्हणून फकिरानं फोटोसाठी आणलेली क्रेन बंद केली.

काहीच झालं नाही. "मग त्या झाडापाशी घेऊ," साहेब म्हणाले, आणि सगळे दहा पावलं पुढं सरकले. साहेबांनी बुंध्यावर हात ठेवला, बाईंनी मान किंचित तिरकी केली. शाल गाडीतच राहिली. तिची आठवण कोणालाच झाली नाही, कडूबालाही नाही.

तो टँकरवरून बादली भरून आणत होता. ऊन कलतं झालं होतं आणि पोतं वाळलं होतं. ते पुरतं भिजायला तिसरी बादली लागली. तोवर गाड्या निघून गेल्या होत्या.