बानीची मुंगी

मी बानी गावची मोटरसायकल बोलतेय. एलिहियोंच्या परसात, आंब्याच्या झाडाखाली, भिंतीला टेकून उभी असते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही. आठवतात ते एलिहियो. त्यांनी मला विकत घेतलं आणि त्याच दिवसापासून मी भाड्याने माणसं वाहू लागले. बाजारातून घरी, घरून चर्चला, चर्चहून कुणाच्या मयताला. एका वेळी तीन-तीन जण बसायचे, वर कोंबड्या, केळ्यांचा घड, कधी गॅसची टाकी. एलिहियो उतारूंशी सारखे बोलत. कुणाची सून नांदत नाही, कुणाचा मुलगा न्यूयॉर्कहून फोन करत नाही, हे सगळं मी ऐकत चालायचे. मी हळू होते. त्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही.

मग एलिहियोंचे गुडघे गेले. त्यांनी माझी किल्ली मुलाच्या हातात दिली. म्हणाले, "सांभाळ हिला. हिने तुला जेवू घातलंय."

मुलाचं नाव एस्तार्लिन. गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. पण दुरुस्तीत त्याचं मन रमेना. गावाबाहेर एक सरळसोट धावपट्टी आहे. तिथे रविवारी दोन-दोन मोटरसायकली शेजारी उभ्या करतात. हिरवा दिवा लागतो, आणि तुम्ही धरलेला श्वास सोडायच्या आत कोण जिंकलं ते ठरलेलं असतं. एस्तार्लिनला तेवढंच हवं होतं.

त्याने मला खोललं. मागची सीट काढली. मडगार्ड, दिवा, हॉर्न, किक, सगळं काढलं. पुढचा ब्रेकसुद्धा काढला.

"अरे, थांबणार कशी?" एलिहियोंनी विचारलं.

"आधी पोचू तर दे तिला, पापा!"

मग त्याने इंजिनाला हात घातला. बोअर वाढवला, हेड घासलं, पेट्रोलच्या जागी स्पिरिटसारखं एक इंधन आलं, त्याचा वास डोळ्यांत जायचा. एकेक सुटा भाग विमानाने येई, आणि घरातली एकेक वस्तू जाई. आधी फ्रिज गेला. मग त्याच्या बायकोच्या, योकास्ताच्या, वस्तूंवर वेळ आली. पुढच्या खोलीत ती बायकांचे केस धुऊन बसवून द्यायची. तिचं केस वाळवायचं यंत्र गेलं, मागोमाग खुर्ची गेली. एका बाईने विचारलं, "आता केस वाळवायचे कुठे?" योकास्ता म्हणाली, "बाहेर ऊन आहे की, बस जाऊन." बाई खूप हसली. पुन्हा मात्र आली नाही.

सगळं झाल्यावर एस्तार्लिनच्या लक्षात आलं की माझ्यावर बसायला तो स्वतःच जड आहे.

"तू बसतेस?" त्याने बायकोला विचारलं.

"मी? डोकं फिरलंय का तुझं?"

पण ती बसली. पट्टीच्या टोकाला थांबली तेव्हा ती मोठ्याने हसत होती. त्या दिवसापासून तिने भात सोडला. दुपारी सगळे भात आणि घेवडा खात, आणि ही पपईची फोड चघळत बसे.

"अगं पोरी, भांड्याची खरवड तरी घे," एलिहियो म्हणायचे.

"नको पापा. रविवार आहे ना."

आम्ही जिंकू लागलो. माझा उरलेला इवला सांगाडा बघून लोक मला बानीची मुंगी म्हणू लागले. एस्तार्लिनने ते बापाला कौतुकाने सांगितलं. एलिहियो म्हणाले, "मुंगी काहीतरी वाहून नेते, बाळा." एस्तार्लिन नुसता हसला.

मग सान क्रिस्तोबाल शहरातल्या एका गाडीशी शर्यत ठरली. आसपासची सगळी गावं बघायला येणार होती. त्याच आठवड्यात एका दुपारी जेवताना एलिहियोंच्या हातातला चमचा पडला. योकास्ताने तो उचलून दिला. पुन्हा पडला. तिने वर पाहिलं तर त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

ती किंचाळली. एस्तार्लिनने बापाला उचललं आणि तो धावत माझ्याकडे आला. घरात दुसरी गाडी नव्हती. विकायला माझ्याशिवाय काही उरलंच नव्हतं. त्याने त्यांना पुढ्यात टाकीवर घेतलं. योकास्ताने मागून ढकललं. मी पेटले. गल्लीतली कुत्री पळाली. पण मला हळू जायचं माहीत राहिलं नव्हतं. मी झटके देत निघाले. एलिहियोंचा उजवा पाय लोंबत होता, तो तापल्या सायलेन्सरला टेकला आणि तिथेच राहिला. कातडी जळल्याचा वास आला. ते ओरडले नाहीत. त्यांना तो पाय आपला आहे हेच कळत नव्हतं.

कोपऱ्यावरच्या दुकानाशी मी बंद पडले. एस्तार्लिनने मला लाथ मारली, "चल! चल ना!" असं तो रडत म्हणाला. मला काही वाटलं नाही.

एलिहियोंचा जुना सोबती कुंदो समोरून आला. त्याच्या गाडीवर एक म्हातारी आणि तिची भाजीची पिशवी होती. "उतरा आजी," तो म्हणाला. मग एस्तार्लिनला, "माझ्या दोस्ताला मधे धर, तू मागे बस. घट्ट धर." आणि ते तिघे त्या खडखडणाऱ्या गाडीवरून गेले. मी रस्त्यात आडवी पडून होते. म्हातारी बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली.

एलिहियो वाचले. उजवी बाजू गेली. थोडं आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

रविवार आला. एस्तार्लिन माझा प्लग बदलत होता.

"आपल्याला शर्यतीला जायचंय?" योकास्ताने विचारलं.

"दवाखान्यात बसून मी काय करणार? कुंदो आहे त्यांच्याजवळ."

ती आत गेली. हेल्मेट घेऊन आली. हिरवा दिवा लागला, आणि आम्ही जिंकलो. चाकभर पुढे होतो. लोकांनी तिला खांद्यावर घेतलं, बिअर उडवली. एस्तार्लिन कुंपणाला धरून उभा होता, आणि कुणी पाठीवर थाप मारली की मान हलवत होता. योकास्ता खाली उतरली, त्याच्या हातात हेल्मेट दिलं.

"उद्यापासून दुसरं कुणी बघ. मी घरी जाऊन भात खाणार आहे."

"बरं," तो म्हणाला.

त्याने दुसरं कुणी बघितलं नाही. मला विकलंही नाही. तो आता लोकांच्या गाड्या दुरुस्त करतो. सकाळी बापाला अंघोळ घालतो, दाढी करतो, परसात आणून खुर्चीत बसवतो. योकास्ता कधीकधी माझ्या हॅन्डलवर ओले टॉवेल टाकते.

काल दुपारी एलिहियोंनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. एस्तार्लिनला आधी कळेना. मग त्याने आणि योकास्ताने मिळून त्यांना उचललं, माझ्यावर बसवलं, आणि दोन्ही बाजूंनी धरून उभे राहिले. त्यांचं वजन पूर्वीएवढं नव्हतं. एस्तार्लिनने त्यांचा उजवा हात उचलून मुठीवर ठेवला, एकेक बोट वळवून.

"काय वाटतंय, पापा?"

एलिहियो बराच वेळ शब्द शोधत राहिले.

"काही नाही," ते म्हणाले.

एस्तार्लिन त्यांना उतरवू लागला, तर त्यांनी मान हलवली.

"राहू दे."

तो तसाच धरून उभा राहिला. माझं सांगणं एवढंच. आता तुम्ही या. आणि जाताना परसाचं दार जरा हळू लावा, खुर्चीत त्यांचा डोळा लागलाय.