जयंतीचा उपसा

वच्छलाबाई शहारेच्या विहिरीला वास येतो, हे गावात कोणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. म्हणायची हिंमत कोणाची? तिच्या तोंडी लागणं म्हणजे तापल्या तव्यावर बसणं. बाया बादली ओढायच्या, नाक मुरडायच्या आणि तिचं घर जवळ आलं की गुमान पुढं चालू लागायच्या.

विहीर तिच्या एकटीची नव्हती, सगळ्या बौद्ध मोहल्ल्याची होती. पण खोदली तिच्या सासऱ्यानं. मंगरू शहारे नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि पुढच्या उन्हाळ्यात मोहल्ल्यातली माणसं गोळा करून मुरूम फोडत फोडत पाण्याला भिडला. त्याआधी इथल्या बाया पाटलाच्या विहिरीपासून लांब, चिंचेखाली, मडकी ठेवून उभ्या राहायच्या. कोणाला दया आली तर वरून ओतायचे, नाही आली तर ऊन डोक्यावर घेऊन परत. वच्छला लग्न होऊन आली तेव्हा सासूनं आधी घर दाखवलं नाही, विहीर दाखवली. "आता पाण्यासाठी कोणाच्या दारी हात पसरायचा नाही," एवढंच सांगितलं. नवरा गेला, गुडघे गेले, विहिरीवर जाऊन पाणी भरायचं सुटलं, ते सुनेकडं आलं. पण वच्छलेनं हात कोणापुढं पसरला नाही.

दर साली चौदा एप्रिलच्या आधी विहिरीचा उपसा व्हायचा. मोटर लावून तळ दिसेपर्यंत पाणी काढायचं, गाळ वर घ्यायचा, काठाला चुना मारायचा, आणि नव्यानं पाझरलेल्या पाण्याचा पहिला हंडा बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवायचा. मग त्याच पाण्याचं शरबत सगळ्या गावाला. छोटेलाल पाटीलसुद्धा पांढरं धोतर नेसून यायचे. त्यांचा पेला वच्छला स्वतःच्या हातानं भरायची, काठोकाठ, सगळ्यांना दिसेल असा.

यंदा मात्र होळीच्या आधीपासूनच पाण्याला वास. सडक्या अंड्याचा, आणि त्याच्या आड कुठंतरी ट्रकचा. देवरीकडं जाणाऱ्या हायवेवर एक पेट्रोल पंप होता. मालक बाहेरगावचा, धंदा बसला तसा कुलूप लावून निघून गेला. जमिनीतल्या टाक्या काही सोबत नेल्या नाहीत. त्या तिथंच गंजल्या, झिरपल्या. साहेब लोक आले, फोटो काढले, वच्छलेच्या घरचा चहा पिऊन गेले. नळयोजनेच्या तोट्या दारोदार बसल्या होत्या, त्यात पाणी यायचं तेवढं राहिलं होतं. हँडपंपालाही तोच वास.

जयंती जवळ आली तशी एक दिवस पाटलाची नात डिंपल विहिरीवर दिसली. नागपूरला शिकणारी, जमिनीखालच्या जंतूंचाच तिचा अभ्यास. दोरीला बाटली बांधून ती पाण्यात सोडत होती. वच्छला काठी टेकत पोचली.

"काऊन वो, माझ्या विहिरीत मासे धरून राहिली का?"

"नाही आजी, पाणी तपासून राहिली." पोरीनं बाटली वर घेतली. पाणी राखेसारखं, तळाशी काळी भुकटी. तिनं वास घेतला आणि हसली. "वास चांगला आहे."

"चांगला? मग तुझ्या लग्नात हेच अत्तर शिंपडतो."

ती वच्छलेच्या मागं मागं घरापर्यंत आली, ओट्यावर बसली आणि हातवारे करून सांगू लागली. टाकीतलं डिझेल जमिनीतून विहिरीकडं सरकतंय. पण मधल्या मातीत डोळ्यांना न दिसणारे जंतू आहेत, ते डिझेल खाऊन टाकतात. तिथं हवा नाही, तरी जगतात. "आपण हवा ओढतो ना आजी, तसे ते आपल्या लाल मुरमातला गंज ओढतात. तो संपला की पाण्यातलं गंधक. त्याचाच हा सडका वास. वास येऊन राहिला म्हणजे ते कामावर आहेत. जसं मोहफुलाचं मडकं तोंड बांधून पुरतात, अन् आतल्या आत..."

"माझ्या ओट्यावर दारूचं नाव काढू नको. या घरानं ते दीक्षेच्या दिवशी सोडलं."

पण कळलं होतं तिला. लहानपणी माहेरच्या शेजारात तिनं असं पुरलेलं मडकं पाहिलं होतं. हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही, नुसतं ठेवून द्यायचं.

"म्हणून म्हणतो आजी, उपसा करू नका. मोटरनं ओढलं की डिझेल भरभर विहिरीकडं येईल. त्यांचं खाणं लई हळू असते, त्यांना खायला फुरसतच राहणार नाही."

"बरं. किती दिवस थांबू तुझ्या किड्यांसाठी?"

पोरगी जरा अडखळली. "दिवस नाही, आजी. वीस साल तरी. जास्तही लागतील."

वच्छला हसली, पण त्या हसण्यात आवाज नव्हता. "तवापर्यंत मलेच पुरलं असन ना तुम्ही. मग त्यायले म्हणा, मलेही खा."

"तवापर्यंत आमच्या घरून पाणी न्या ना. आमच्या बोअरले भरपूर आहे."

पोरीनं मनापासून म्हटलं होतं. आपण काय बोललो ते तिला माहीत नव्हतं, तिच्या जन्माच्या फार आधीची गोष्ट ती. दारात उभी असलेली सून अल्का मात्र चौकटीला धरून राहिली.

"अल्का," वच्छलेनं हाक मारली, "पाहुणीला पाणी दे. माझ्या रांजणातलं."

अल्कानं पेला आणला. डिंपलनं एक घोट घेतला, थांबली, आणि अल्काकडं पाहिलं. अल्कानं मान हलकेच हलवली. वच्छलेला वाटलं, आणखी हवं का म्हणून विचारतेय.

"सांग. वास येते?"

"नाही येत, आजी."

"पाह्य! रात्रभर रांजणात बसलं की पाणी नितळते. विहिरीत खराबी नाही, गाळात आहे. गाळ काढला की झालं." आणि मग राहवलं नाही म्हणून, "जाऊन सांग तुझ्या आज्याला, शरबत प्यायला ये म्हणा. पेला भरूनच देतो."

जाताना डिंपल पुन्हा म्हणाली, "उपसा नका करू, आजी." पण आवाज पडला होता तिचा.

मुलगा अश्विन कां कूं करू लागला. "माय, ते पोरगी शिकेल आहे."

"शिकेल आहे, पण पाटलाची आहे. आपण मडकं घेऊन दारात उभं राहिलो का त्यायले बरं वाटते. मोटर लाव. एक नाही, दोन लाव."

दोन मोटरा लागल्या. दिवसभर पाणी नालीनं वाहत गेलं. तळाला डांबरासारखा काळा गाळ दिसला. अश्विन दोर धरून उतरला आणि अर्ध्यातूनच वर आला, तोंड पांढरंफटक. "खाली हवाच नाही, माय." मग वरूनच बादल्या सोडून गाळ ओढला. काठाला चुना मारला. विहीर नवरीसारखी दिसू लागली. पाझर मंद होता, दुसरा दिवसही कोरडाच गेला.

तिसऱ्या दिवशी तळाशी पाणी चमकलं. वच्छलेनं बादली वर घ्यायला लावली, ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं. सडका वास गेला होता! "बोलवा त्या पाटलाच्या पोरीला," ती म्हणाली. मोहल्ल्यातल्या बायांनी पदरानं तोंड पुसत हसून घेतलं. फार दिवसांनी हसल्या.

जयंतीच्या आदल्या सकाळी पहिला हंडा भरायला बादली सोडली, ती वर आली तेव्हा दोर निसटत होता. अश्विननं हात पाहिले. तळवे चकाकत होते. पाण्यावर जाड, रंगीबेरंगी थर डोलत होता, आणि वास आता कशाच्याही आड नव्हता. निव्वळ डिझेल. कोणीतरी मागून म्हणालं, "बिडी विझवा रे."

"माय," अश्विन हळूच म्हणाला, "आता हे पाणी नाही राहिलं."

वच्छला घरी आली. घसा कोरडा पडला होता. तिनं स्वतः रांजणात पेला बुडवला आणि घटाघटा प्यायली. पाणी गोड होतं, थंड होतं. दुसरा पेला भरता भरता तिचा हात थांबला.

विहीर तर कोरडी होती. मग रांजण भरला कशानं?

"अल्का."

सून आतून आली आणि रांजणाकडं पाहूनच समजली.

"कुठचं आहे हे?"

"डिंपलच्या आईनं म्हटलं होतं, न्या म्हणून. मागच्या दारानं. हे गाडीवर कॅन आणतात, पहाटे. होळीपासून."

"होळीपासून मी पाटलाचं पाणी पिऊन राहिली?"

अल्कानं रांजणावर झाकण ठेवलं.

"अन् त्या दिवशी ते पोरगी... तिच्याच घरचं पाणी पिऊन गेली? माझ्या ओट्यावर बसून?"

"हाव, आत्याबाई."

"तुले तोंड नव्हतं सांगायले?"

"सांगितलं असतं तं तुम्ही प्यायलं असतं का?" अल्काचे डोळे भरले. "तुम्ही त्या वासाचंच पिऊन मेल्या असत्या. मले माहीत नाही का तुम्ही?"

वच्छलेनं हातातला पेला खाली ठेवला. ज्या पाण्याच्या भरवशावर तिनं दोन मोटरा लावल्या, पोरीला परत पाठवलं, ते पाणी तिच्या विहिरीचं नव्हतंच. सासूचं सांगणं होळीपासूनच मोडलं होतं. फक्त तिला कोणी कळवलं नव्हतं, जसं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मेलेल्याची बातमी कळवत नाहीत.

जयंतीच्या सकाळी ती उठली, पांढरं लुगडं नेसली. "कॅन आण," अश्विनला म्हणाली. "मागच्या दारानं नाही. मी येतो."

पाटलाच्या पुढच्या दारात ती काठी टेकून उभी राहिली. डिंपलची आई धावत बाहेर आली. "अगं बाई, वच्छलाबाई! उन्हात कायले आल्या? आत या, बसा." तिनंच पाइप धरला, तिनंच कॅन भरला, वर हाताला धरून ओसरीवर बसवलं, चहा दिला. कोणी लांबून ओतलं असतं, शिवी दिली असती, तर वच्छलेनं शिवी परत केली असती, कॅन लाथेनं उडवून आली असती. या मायेचं काय करायचं, ते सासूनं शिकवलं नव्हतं. तिनं चहा संपवला आणि पाणी घेऊन आली.

हंडा फोटोपुढं गेला. शरबत झालं. छोटेलाल पाटील आले, पेला पुढं केला. वच्छलेनं तो भरला. त्यांचंच पाणी त्यांच्या पेल्यात ओतताना तिनं वर पाहिलं नाही.

डिंपल मागं उभी होती. "आजी," म्हणाली.

"तुझे ते किडे," वच्छलेनं विचारलं. "मेले का सगळे?"

"सगळे नाही मरत. मातीत खोल असतील. पण आता डिझेल फार आलं, आजी. ते पुन्हा जोर धरतील तवा धरतील. मले सांगता येत नाही."

"वीस साल म्हणाली होती."

"हाव. ते उपशाच्या आधी."

विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. बाया तिकडून जात नाहीत, रस्ताच बदलला त्यांनी. वच्छला मात्र ऊन कललं की काठी टेकत जाते, जाळीवर वाकते आणि श्वास आत ओढते. ज्या सडक्या वासाला तिनं शिव्या घातल्या, तोच शोधत असते. थोडा जरी आला तरी चालेल, अंड्याच्या टरफलाएवढा. मग सरळ होते, कंबर धरून.

"आला का, माय?" अश्विन विचारतो.

"नाही," ती म्हणते. "डिझेलच आहे."